मनाचा ताण आणि फोनवरचा सल्ला



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या अंकात जरा वेगळा विषय घेत आहोत. ‘शेतकी खात्याला मनाशी काय करायचंय?’ असे कोणी म्हणेल. परंतु गावोगाव फिरताना उसापेक्षा माणूसच जास्त सुकलेला दिसू लागला, तर त्याविषयी गप्प बसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

उसाला हुमणी लागते तेव्हा काय होते, हे आपण सारे जाणतो. अळी जमिनीखाली मुळ्या खात असते आणि वरून पाने पिवळी पडतात. शेतकऱ्याला वाटते, खत कमी पडले. तो युरियाचे पोते ओततो. बेट उपटून मुळाशी पाहिले म्हणजे खरी गोष्ट कळते. माणसाचेही असेच आहे. बाप चिडचिडा होतो, आईला रात्र रात्र झोप लागत नाही, कर्ता मुलगा संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो, शाळकरी पोर ताटावरून उठून मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. आपण वरवरचे पाहतो आणि रागावतो, टोमणे मारतो, नाहीतर अंगारा लावतो. मुळाशी काय आहे, ते कोणी विचारत नाही.

आपल्या भागातली बरीच घरे दोन ठिकाणी विभागलेली आहेत. एक भाऊ उसात, दुसरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात. गावी आई-वडील तोडीची वाट बघतात आणि तिकडे मुलगा-सून मागांच्या खडखडाटात पाळी करून भाड्याच्या खोलीत पोरे वाढवतात. वडिलांना मुलाची काळजी, मुलाला वडिलांच्या कर्जाची. फोन रोज होतो, पण बोलणे मात्र ‘जेवला का, पाऊस हाय का’ एवढेच. १८ मे २०२५ रोजी पहाटे याच एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जणांचा जीव गेला. ज्यांची मुले तिथे पाळीला जातात, अशा आई-बापांच्या मनात त्यानंतर कसली धास्ती बसली असेल, हे सांगायला नको.

तेव्हा करायचे काय? केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही फोनवरून सल्ला देणारी सेवा सुरू केली आहे. तिची मुख्य सूत्रे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेकडे आहेत. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत आणि रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो. मराठीत बोलता येते, तसेच कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही. अक्कलकोटकडचे आपले पुष्कळ सभासद घरात कन्नड बोलतात आणि एमआयडीसीत तेलुगू बोलणारे कामगार बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. फोन लावला की आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज वाटली तर तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतो, नाहीतर जवळच्या दवाखान्याची वाट दाखवतो. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहेच.

‘आम्ही काय येडे झालो का?’ असा प्रश्न लगेच येतो. निम्हान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी शंभरात दहा-अकरा जणांना कसला ना कसला मानसिक त्रास आढळला. त्यांतील बहुतेकांना उपचार मिळालेलाच नव्हता. म्हणजे शंभर सभासदांच्या सभेत असे दहा जण सहज बसलेले असतील. शिवाय फोन करायला आजार असावाच लागतो असेही नाही. पोरगं अभ्यास करत नाही, सासू-सुनेचे पटत नाही, झोप उडाली आहे, असल्या रोजच्या गोष्टींसाठीसुद्धा तो आहे.

‘नुसतं बोलून काय होतंय?’ हा दुसरा प्रश्न. नवे वाण आले की आपण आधी प्रात्यक्षिक प्लॉट बघतो. इथेही तसा प्लॉट झालेला आहे. अमरावती जिल्ह्यातील खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशनाला लावले. आधी उदासीचा आजार असलेल्या शंभर माणसांत जेमतेम ४ जण मदत घेत. सुमारे दीड वर्षाने ते प्रमाण २७ वर गेले. जवळ, स्वस्त आणि आपल्या भाषेत मदत मिळाली की माणूस ती घेतो, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. फोनवरचा सल्ला हा ऊसबिलाला पर्याय नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. तोड कधी येणार याचा पत्ता नाही आणि बिलाची तारीख कोणी सांगत नाही, अशा स्थितीत ‘मन शांत ठेवा’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. कर्जाचा हप्ता समुपदेशक फेडत नाही. तेव्हा तोडणीचा कार्यक्रम गटवार फळ्यावर लावणे, त्यात बदल झाला तर आधी कळवणे आणि बिल वेळेत काढणे, ही कारखान्याचीही जबाबदारी आहे. हे आम्ही शेतकी खात्यात असूनच म्हणतो. कारण सभासदाच्या डोक्यावरचा निम्मा भार अनिश्चितपणाचा असतो, असे आमचे मत आहे.

दुसरी अडचण जागेची. घरात फोन एक, तोही धन्याच्या खिशात. सुनेने बोलावे कुठे? एमआयडीसीतल्या मुलाच्या खोलीत चौघे झोपतात. त्याने बोलावे कधी? म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक गट ऑफिसमध्ये दुपारी एक खोली मोकळी ठेवावी. एक खुर्ची, एक फोन, दार लावलेले. कोण आले याची नोंदवही ठेवू नये आणि शिपायाने विचारू नये. महिला सभासदांना व सभासदांच्या घरच्या बायकांना ती आधी मिळावी. खर्च नाममात्र आहे. संचालक मंडळाने याचा जरूर विचार करावा.

सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) १४४१६ हा नंबर घरातल्या सर्वांच्या मोबाईलमध्ये, मुलांच्यासुद्धा, घालून ठेवावा.

२) घरात जागा नसेल तर बांधावर जाऊन बोलावे. बोललेले गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे.

३) पैसे घेऊन ऑनलाइन सल्ला देणारेही पुष्कळ आहेत. त्यांचे शिक्षण व नोंदणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ओटीपी कोणालाच सांगू नये.

४) मुलाचा निकाल लागला की आधी जेवण, मग मार्क.

५) कीटकनाशक व तणनाशक कुलपात ठेवावे आणि किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे असावी. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिजहाल औषधांवर बंदी आली आणि तेथील आत्महत्या पुढे निम्म्यावर आल्या. रागाच्या त्या घटकेला विष हाताशी नसले तर माणूस वाचतो, हे त्यावरून कळते.

६) कोणी ‘जगण्यात राम नाही’ असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये. त्याच्याशेजारी बसून आपणच फोन लावावा. हाताबाहेरचे वाटले तर १०८ ची गाडी बोलवावी.

पाऊस चुकला तर खोडवा पुन्हा फुटवा धरतो, भाव पडला तर पुढल्या हंगामाची आशा असते. घरचा माणूस गेला तर मात्र कोणताच हंगाम त्याला परत आणत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या उसाची चौकशी करता करता शेजाऱ्याचीही करावी, एवढीच आमची विनंती.