डब्यावरची तिथी

दिवाळीच्या आठवड्यात वसमतच्या मोंढ्यात डब्यांची जी ये-जा सुरू होते, तिचा हिशेब कोणत्याही चोपडीत लिहिला जात नाही. आडत्याकडून शेतकऱ्याच्या घरी, शेतकऱ्याकडून आडत्याच्या गादीवर, शेजारच्या दुकानात, मुनीमजींकडे, हमाल-मापाड्यांकडे, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकी-जावयांकडे असे शेकडो खोके हिंडत असतात. त्यांतील पुष्कळसे आता बाजारातून तयार येतात. सोनेरी कागद, आत चार कप्पे, काजू-बदाम-मनुका-खजूर, नाहीतर वर्ख लावलेली बर्फी. दिसायला देखणे, द्यायला सोपे. मात्र जैन घरात असा खोका आला की तो पुष्कळदा न उघडताच फडताळात जातो, दोन दिवसांनी दुसऱ्या घरी पोहोचतो, आणि क्वचित चार उंबरे ओलांडून पुन्हा मूळ घरीच परततो. यात कृपणता नसते. घरातील कोणी ते खाऊ शकत नाही, एवढेच खरे कारण असते, आणि तसे देणाऱ्याच्या तोंडावर सांगणे कोणालाच बरे वाटत नाही.

अडचण नेमकी कोठे येते, हे नव्या सुनांना नेहमीच ठाऊक असते असे नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरा पाळणाऱ्या अनेक घरांत फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत खजूर, खारीक, तीळ आणि पालेभाजी वर्ज्य असते. सुकामेव्यासंबंधीही त्याच धर्तीचे नियम आहेत. म्हणजे ‘साखर न घातलेली पौष्टिक मिठाई’ म्हणून हल्ली दिवाळीला मिरवणारे खजुराचे रोल नेमके त्याच घरी चालत नाहीत. मधात घोळवलेले काजू तर कोणत्याच पंथाच्या घरी चालावयाचे नाहीत, कारण मधाचा त्याग हा श्रावकाचाराच्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक. चांदीचा वर्ख पारंपरिक रीतीने गुरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत घालून कुटला जाई. यंत्रावर केलेला वर्ख आता मिळतो, परंतु बर्फीवरचा वर्ख कोणता हे खोक्याकडे पाहून कळत नाही. खव्याच्या मिठाईत ओलावा असतो आणि ती किती दिवसांची आहे हे विकणाराच जाणे.

म्हणून घरी केलेल्या भेटीचे मोल येथे चवीपेक्षा निराळ्या कारणाने वाढते. घरच्या डब्याला हमी असते. पीठ कधी दळले, पाणी गाळले होते की नाही, चूल पेटविण्यापूर्वी पुंजली होती की नाही, सूर्यास्तापूर्वी कढई उतरली की नाही, हे सारे ज्या हातांनी केले त्या हातांना माहीत असते. ही माहिती डब्याबरोबर पुढे गेली तरच घेणारा निःशंकपणे खाऊ शकतो. दुर्दैवाने बहुतेक घरांत लाडू जातो आणि माहिती मागे राहते.

भक्ष्य पदार्थाला काळाची मर्यादा असते, हा जैन स्वयंपाकघराचा जुना नियम. श्वेतांबर परंपरेत पूर्ण भाजलेल्या वा तळलेल्या, पाण्याचा अंश न राहिलेल्या पदार्थांना पावसाळ्यात पंधरा, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस दिवस दिलेले आहेत. केलेला दिवस पहिला धरावयाचा. दिगंबर परंपरेत मोजणी अधिक कडक आहे. पिठाला पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस. पाण्याचा अंश न शिरलेला लाडू साधारण त्या पिठाच्याच मर्यादेत धरतात, आणि दळलेल्या मसाल्यांनाही पिठाचाच हिशेब लागतो. मुदत उरलेली असली तरी रंग, वास वा चव पालटली की पदार्थ ‘चलितरस’ ठरतो आणि तेथेच थांबतो. गच्छागच्छांत व संघासंघांत या नियमांत थोडाफार फरक आढळतो. म्हणून शंका असेल तेथे गावातील जाणत्या श्रावकाला किंवा विराजमान असलेल्या साधु-साध्वींना विचारणेच इष्ट. सरकारने १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईवाल्यांना सुट्या मिठाईसमोर ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे ती तारीख लिहिणे बंधनकारक केले, तेव्हा पुष्कळांना ती मोठी नवी गोष्ट वाटली. जैन घरातील आजीला त्यात नवे काय हे कळले नसेल.

आता दिवाळीचा हिशेब मांडून पाहावा. सण आश्विन अमावास्येचा, म्हणजे चातुर्मासाच्या आतला. ऋतु कितीही कोरडा भासला तरी मर्यादा पावसाळ्याचीच. वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला, केलेल्या लाडवाचा अमावास्येला चौथा दिवस, भाऊबीजेला सहावा, आणि तिथीची क्षय-वृद्धी नसेल तर कार्तिक शुद्ध एकादशीला पंधरावा. वसमतहून पुण्याला डबा एका रात्रीत पोहोचतो, हे खरे. परंतु तो तेथे पोहोचतो तेव्हा त्या घरात आधीच सात डबे येऊन पडलेले असतात, आणि हा डबा उघडण्याची पाळी येईतो एकादशी उलटते. परदेशी गेलेल्या मुलांची गोष्ट तर बोलावयास नको. आईने आठ दिवस राबून केलेला फराळ तेथे पोहोचतो, मुलगी तो उघडते, दिवस मोजते, आणि फोनवर ‘फार छान झाला होता’ असे सांगते. खाल्ला की नाही, हे आई विचारीत नाही.

त्यातच जैनांच्या दृष्टीने तो दिवस मूळचा खाण्याचा नव्हे. भगवान महावीरांचे निर्वाण पावापुरी येथे त्याच अमावास्येला झाले. परंपरेच्या गणनेनुसार इ. स. पूर्व ५२७ मध्ये. अनेक श्वेतांबर श्रावक-श्राविका चतुर्दशी-अमावास्येचा छठ करतात. दिगंबर मंदिरांतून, जवळच्या शिरड शहापूरच्या मल्लिनाथ अतिशय क्षेत्रापासून थेट छोट्या गावांतील चैत्यालयांपर्यंत, पहाटे निर्वाण लाडू चढविला जातो. उपवासाच्या दिवशी उंबऱ्यावर मिठाईचा ढीग यावा हा योग काही फारसा सुसंगत नाही.

यावर एक साधा उपाय काही कुटुंबांनी विचारात घेण्याजोगा आहे. दिवाळीला दारी येणाऱ्याचे तोंड गोड करण्यापुरते थोडे ताजे करावे, आणि दूर धाडावयाचा मोठा डबा कार्तिकी पौर्णिमेला करावा. चातुर्मास त्या दिवशी संपतो, साधु-साध्वींचा विहार सुरू होतो, शत्रुंजयाची यात्रा पुन्हा उघडते. श्वेतांबर मोजणीने त्या दिवसापासून पंधराचे तीस दिवस होतात. तीळ-खजुरावरील बंधन उठते. पुढे मार्गशीर्ष लागला की दिगंबर घरांतही पिठाचे तीनाचे सात दिवस होतात. पंधरा दिवस उशिरा आलेला डबा एकटाच येतो, म्हणून लक्षातही राहतो. ‘दिवाळी झाल्यावर काय द्यायचे’ असे विहीणबाई म्हणतील ही भीती आहे खरी. पहिल्या वर्षी डब्याबरोबर दोन ओळी लिहून कारण कळवावे. दुसऱ्या वर्षी विहीणबाईंकडूनच कार्तिकी पौर्णिमेचा डबा येऊ लागला, तर त्यात आश्चर्य मानू नये.

डब्यात काय घालावे, याचा निर्णय ओलाव्यावर करावा. बेसनाचा लाडू हा सर्वांत भरवशाचा. अर्धा किलो जाडसर बेसनाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम तूप घ्यावे, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास खमंग भाजावे, पूर्ण निवल्यावर चारशे ग्रॅम पिठीसाखर व वेलदोड्याची पूड मिसळून वळावे. मध्यम आकाराचे सुमारे तीस लाडू होतात. येथे एक सावधगिरी हवी. लाडू रवाळ व्हावा म्हणून भाजणीच्या शेवटी दुधाचा हबका देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. त्या चमचाभर दुधाने लाडवात पाण्याचा अंश शिरतो आणि मर्यादेचा प्रश्न उभा राहतो. धाडावयाच्या लाडवाला हबका देऊच नये. बेसन जाडसर दळून घेतले की रवाळपणा आपोआप येतो.

सुखडी, म्हणजेच गोडपापडी, ही त्याच कुळातली. अडीचशे ग्रॅम कणीक दोनशे ग्रॅम तुपात तांबूस भाजावी, भांडे चुलीवरून उतरवून दोनशे ग्रॅम किसलेला गूळ व अर्धा चमचा सुंठ घालून भराभर ढवळावे, तूप लावलेल्या ताटात थापून कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. पाण्याचा थेंब लागत नाही, पाक करावा लागत नाही, आणि प्रवासात वडी मोडत नाही. करायला इतकी सोपी की तिला कोणी भेटीच्या योग्यतेची समजत नाही. हा तिच्यावर अन्याय आहे.

शंकरपाळे आणि खाकरे चांगले टिकतात. चिवड्यात कांदा, लसूण, बटाट्याची सळी तर नकोच. कढीपत्त्यासंबंधी मात्र घेणाऱ्या घरी काय चालते ते आधी विचारावे, नाहीतर दाणे, डाळवे, सुके खोबरे आणि हिंग-हळदीवर चिवडा उत्तम साधतो. करंजीत ओला नारळ नको, सुके खोबरेच. चकलीच्या भाजणीत डाळी असतात. कुरकुरीतपणासाठी तिच्यात कच्चे दही घातले की द्विदलाचा दोष लागतो, म्हणून मोहनाचे गरम तेल पुरे समजावे. अनारसा मात्र महाराष्ट्राचा कितीही मानाचा असला तरी या डब्यातून वगळावा. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावे लागतात, आणि रात्र उलटलेला ओला पदार्थ ज्या घरी वर्ज्य, तेथे तो पोहोचवून उपयोग काय?

डबा स्टीलचा आणि उन्हात कोरडा केलेला असावा. रिकामा डबा परत धाडू नये ही आपल्याकडील रीत असल्याने तो काहीतरी घेऊनच येतो, हा आणखी एक लाभ. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी: केल्याची तिथी व तारीख, पीठ दळल्याचा दिवस, तूप की तेल, दूध-दही घातले आहे की नाही, आणि कोणत्या तिथीपर्यंत चालेल. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे लागतात. तिच्यामुळे पलीकडच्या घरातील आयंबिल-एकासणे करणाऱ्या वडीलधाऱ्यांना पारण्याच्या दिवशी कोणाला काही न विचारता लाडू उचलता येतो.

मोंढ्यातील हमालांना आणि मापाड्यांना हे नियम लागू नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बाजारचा स्वस्त खोका आणि बरोबरीच्या व्यापाऱ्यांसाठी घरचा डबा अशी विभागणी काही पेढ्यांवर होते. ही विभागणी योग्य नव्हे. व्याख्यानानंतरची प्रभावना वाटताना समोरच्या हाताची योग्यता कोणी पाहत नाही. वर्षभर हळदीची पोती उचलणाऱ्याला घरचा लाडू मिळावा, आणि तो त्याच कढईतला असावा.

हळदीचा विषय निघाला, तर वसमतची खरी भेट हीच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हळद संशोधन केंद्रही येथेच आहे. ज्या पिकावर येथील अनेक जैन पेढ्या उभ्या आहेत, ते पीक जमिनीखालचे, म्हणजे ओले असता अनंतकाय. ओल्या हळदीचे लोणचे हिवाळ्यात घरोघरी होते. जैन घरात ते होत नाही, आणि कितीही हौसेने केलेले असले तरी जैन घरी ते धाडू नये. उकडून उन्हात वाळविलेले हळकुंड मात्र अचित्त मानले जाते. सुंठ आणि हळद या पूर्णपणे वाळतात, औषधासारख्या चिमूटभरच वापरल्या जातात, बटाट्यासारख्या पोटभर खाल्ल्या जात नाहीत, अशी त्याची कारणे परंपरेने दिली जातात. साधारण पाच किलो ओल्या हळदीतून वाळून एक किलो हळकुंड हाती येते, हे मोंढ्यातील कोणीही सांगेल.

पूड द्यावयाची असेल तर शंभर ग्रॅम हळद, पन्नास ग्रॅम सुंठ, दहा-दहा ग्रॅम मिरी व वेलदोडे एकत्र दळून दुधाचा मसाला करावा. कपभर गरम दुधाला अर्धा चमचा पुरतो. ज्या घरी दळलेल्या मसाल्यालाही पिठाची मर्यादा लावतात, त्या घरी मात्र पूड न देता अखंड हळकुंडेच द्यावीत. कार्तिकात मिळणारे हळकुंड गेल्या हंगामातले असते, कारण नवे पीक अजून शेतात हिरवे उभे असते. ते पोकळ वा किडके नाही ना हे पाहावे, मोडले असता टणत्कार व्हावा आणि आतून गर्द नारिंगी दिसावे. पावशेर हळकुंडे सुती पिशवीत बांधून लाडवाच्या डब्याशेजारी ठेवावीत. लाडवाच्या चिठ्ठीवर तिथी लिहावी लागते. या पिशवीच्या चिठ्ठीवर फक्त गावाचे नाव लिहिले तरी पुरते.