दोरी तुटली म्हणून यंत्र टाकू नका

लॉनमोअरची दोरी तुटली की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. दुकानात दुरुस्तीला द्यायचे, नाहीतर नवे आणायचे. आमच्या मते तिसरा मार्ग अधिक चांगला. मुलांना गराजमध्ये बोलवावे, दोरी घरीच बदलावी आणि सारे काम मराठीत बोलत करावे.

बालमित्रांनो, भोवऱ्याला जाळी गुंडाळून फिरवतात, तसेच हे आहे. कप्पीवर दोरी गुंडाळलेली असते. ती ओढली की कप्पी फिरते, तिचे खटके इंजिनाच्या चाकाला पकडतात आणि इंजिन फिरू लागते. ते सुरू झाले की खटके सुटतात. आत घड्याळाच्या कमानीसारखी एक कमान असते. पुष्कळांना वाटते की इंजिन ती सुरू करते. तसे नाही. ती फक्त दोरी परत गुंडाळते. इंजिन सुरू होते ते आपल्या दंडाच्या जोरावर!

प्रथम स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी, म्हणजे यंत्र चुकून सुरू होणार नाही. वरचे झाकण उघडून जुनी दोरी काढावी व तेवढ्याच जाडीची आणि लांबीची नायलॉनची दोरी घ्यावी. तिची टोके मोठ्यांनी ज्योतीवर धरून वितळवावीत, म्हणजे धागे सुटत नाहीत. दोरी ओढल्यावर कप्पी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने ती फिरवून कमानीला ताण द्यावा. कमान पुरती आवळली की थोडे मागे येऊन झाकणाचे व कप्पीचे भोक समोरासमोर आणावे. कप्पी घट्ट धरून दोरी ओवावी, गाठ मारावी, मूठ बांधावी आणि कप्पी हळूहळू सोडावी. कमान मात्र कप्पीतून बाहेर काढू नये, ती उसळून लागते. डोळ्यांना चष्मा हवाच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलांसह हे काम केले. दुकानदाराने नवे यंत्र घ्या म्हणून सुचवले होते. प्रत्यक्षात लागली ती काही फूट दोरी. धाकट्याने मुठीला सुरगाठ मारली. ती पहिल्याच ओढीला सुटली आणि दोरी सर्रकन आत गेली. मग निरगाठ कशी मारतात ते त्याने स्वतःहून विचारले. हे दोन शब्द आता तो विसरणार नाही.

आमचा मुद्दा हाच आहे. बऱ्याच घरांत मराठी उरली आहे ती जेवायला बोलावण्यापुरती आणि रागावण्यापुरती. यंत्राचा विषय निघाला की आपण लगेच इंग्रजीत शिरतो. मग मुलांना वाटते, मराठी ही सणासुदीची भाषा, कामाची नव्हे. कप्पी, कमान, खटका, वेढा, पीळ हे शब्द आपल्याकडे आहेत. ते वापरायचे कधी?

कोणी म्हणेल, आता बॅटरीची यंत्रे आली. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासूनच्या बहुतेक नव्या लहान इंजिनांना धूर न सोडण्याची अट आहे. खरे आहे. पण जुनी यंत्रे अजून अनेक गराजमध्ये आहेत, आणि उघडून पाहण्याची सवय बॅटरीच्या यंत्रालाही उपयोगी पडते.

म्हणून पालकांना एक विनंती. महिन्यातून एकदा घरातली एखादी बिघडलेली वस्तू वर्गात आणा. आपण ती मुलांसमोर उघडू आणि तिच्या प्रत्येक भागाचे मराठी नाव शोधू.