जुन्या गाडीला नवे टायर

जांबोटीकडच्या एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. पाऊस तोंडावर आला आहे, घरच्या पिकअपचे चारही टायर गोटा झाले आहेत आणि घरात दोन तट पडले आहेत. पुण्यास नोकरीला असलेले चिरंजीव म्हणतात, बदलायचेच तर चांगले उंच आणि रुंद टायर घाला. यजमान म्हणतात, आहेत त्याच मापाचे आणा. गाडी वीस वर्षांची, चारही चाकांना जोर देणारी. तिच्यातून भाताची पोती जातात, काजू जातात आणि आठवड्यातून दोन वेळा सासूबाईंना डायलिसिससाठी बेळगावला न्यावे लागते. ‘आम्ही कोणाचे ऐकावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे. या सदरात एरवी स्वयंपाकघर आणि लग्नकार्ये यांचीच चर्चा चालते हे खरे. पण ज्या गाडीवर घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा जीव अवलंबून आहे, ती गाडी घराबाहेरची कशी म्हणावी?

शिवाय या विषयात आमचे हात पोळलेले आहेत. २०१२ साली आम्हीही एका दुकानदाराच्या सल्ल्याने अशाच जुन्या पिकअपला एकतीस इंची टायर चढवले होते. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा ती दोन बोटे नव्हे, चांगली वीतभर वाढल्यासारखी वाटली. शेजारीपाजारी पाहून गेले. आमची छातीही थोडी फुगली, हे कबूल करावयास हवे.

आधी मापाचा हिशेब सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. टायरच्या बगलेवर समजा ‘२१५/७५ आर १५’ असे छापले आहे. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शेकडा पंच्याहत्तर. १५ म्हणजे आतल्या लोखंडी डिस्कचा व्यास, तो मात्र इंचांत. (एकाच ओळीत दोन मापपद्धती कोणी घुसडल्या, देव जाणे.) आता २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१, वरची आणि खालची बगल मिळून ३२२, त्यात पंधरा इंचांचे ३८१ मिळवले की चाकाची पूर्ण उंची सुमारे ७०४ मिलिमीटर येते. हाच हिशेब ‘२३५/७५ आर १५’ ला लावला तर ७३४ येतात. एकतीस इंची टायर म्हणजे ७८७. मूळ मापाशी तुलना केली तर पहिली वाढ शेकडा सव्वाचार, दुसरी शेकडा बारा.

यातली अर्धीच वाढ गाडीच्या पोटाखाली मिळते. चाक ३० मिलिमीटरने मोठे झाले तर गाडी उचलली जाते १५ मिलिमीटर. एकतीस इंचीनेही ४२ च मिळतात. आम्हांला वीतभर वाटली ती उंची प्रत्यक्षात दोन बोटांपेक्षा फारशी अधिक नव्हती.

मोबदल्यात काय द्यावे लागते? वेगाचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक शेकडा बाराने मोठे झाले की काटा साठ दाखवीत असताना गाडी सदुसष्टने धावत असते. घाटात चढताना तिसऱ्या गिअरला जी गाडी निमूट चढत असे, ती आता दुसरा मागते. कारण चाक मोठे होणे म्हणजे गिअर उंच होणेच होय. उतारावर त्याहून वाईट. ब्रेकची ताकद तीच, पण ती ज्या चाकाला अडवावयाची ते मोठे आणि जड. पाय दाबूनही गाडी थोडी पुढे जाते. नव्या दमाच्या इंजिनाला हे सोसते. वीस वर्षांच्या गाडीच्या बेअरिंगांना आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना सोसेलच असे नाही.

आता आमची फजिती. चोर्ला घाटातून साखळीकडे उतरत होतो. मागे ओझे होते, समोर अरुंद वळण. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवले आणि त्याच क्षणी पुढचे चाक खड्ड्यात जाऊन वर उसळले. रिकाम्या गाडीने दुकानासमोर फेरी मारली तेव्हा सगळे ठीक होते. पण भरलेली गाडी दबते, चाक आत शिरते, हे आमच्या ध्यानीही नव्हते आणि दुकानदाराच्याही. मडगार्डच्या आतल्या धारेवर टायरचा खांदा घासला आणि चिरला. आणखी एक चूक पुढे उघड झाली. त्या रुंदीच्या टायरला डिस्क निदान सात इंच रुंद लागते. आमची होती सहाची. कडा आत ओढल्या जाऊन टायर मधूनच फुगला होता.

स्टेपनी काढली, तर ती जुन्याच मापाची. पाचवा टायर घेण्याचे पैसे आम्ही वाचवले होते! तीच पुढे लावली आणि निघालो. पुढे दरड कोसळून कच्च्या बगलरस्त्याने वाहने सोडली होती. चिखल दिसताच आम्ही चारही चाकांचा दांडा टाकला. चिखलातून गाडी निघाली. पण डांबरावर आल्यावर दांडा निघेना. स्टिअरिंग दगडासारखे झाले आणि गाडी आचके देऊ लागली. कारण असे की, या जुन्या गाड्यांत दांडा टाकला की पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना घट्ट जखडले जातात, दोघांना सारख्याच फेऱ्या माराव्या लागतात. आमची पुढची जोडी एका लहान चाकामुळे शेकडा सुमारे सहा फेऱ्या जास्त मागत होती. चिखलात चाके घसरून हा फरक पचतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, तेव्हा तो सारा ताण गिअरपेटीत पिळा भरल्यासारखा साठत जातो. मागून आलेल्या एका लॉरीचालकाने हसत सांगितले, ‘वीस पावले मागे घ्या, सुटेल.’ तसे केले आणि दांडा सुटला. त्या दिवशी गाडीत आजारी माणूस नव्हते, एवढेच आमचे नशीब.

म्हणून या भगिनींना आमचे पहिले सांगणे असे की टायर पाच घ्यावेत, चार नव्हेत. पाचही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले. पैसे कमी पडत असतील तर माप लहान ठेवावे, पण संख्या कमी करू नये.

दुसरे, गाडीची पुस्तिका किंवा दारावरची पट्टी पाहावी. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत दोन मापे छापलेली होती आणि त्यांतले मोठे होते २३५/७५ आर १५. शेवटी आम्ही त्यावरच स्थिरावलो आणि पुढे कधी पस्तावलो नाही. पुस्तिकेबाहेरच्या मापाचा मोह धरू नये, याला कायद्याचेही कारण आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करण्यास आडकाठी करते आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ पक्का केला. माल वाहणाऱ्या जुन्या गाडीला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तिथे अडून बसण्यापेक्षा, किंवा अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा, आधीच सावध असलेले बरे.

चिरंजीवांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठ्या टायरची हौस सर्वस्वी पोरकट नाही. भाताच्या खोल, मऊ चिखलात किंवा नदीकाठच्या वाळूत रुंद टायर कमी रुततो, हे खरेच. पण आपल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, जिथे मलप्रभा उगम पावते आणि पाऊस हाताने मोजता येत नाही, तिथे रस्त्यावर बहुधा वरवर लाल राड असते आणि तिच्याखाली जांभ्याचा टणक थर. तिथे अरुंद टायर राड कापून खालच्या थराला भिडतो, रुंद टायर मात्र राडीवरच तरंगत घसरतो. जुन्या जीपगाड्यांना सहा इंची अरुंद टायर असत; त्या चिखलातून कशा जात, हे पाहिलेली माणसे आजही गावोगाव आहेत. चिरंजीवांचा रस्ता पुण्याचा आहे, यजमानांचा जांबोटीचा.

नक्षीविषयी थोडक्यात. गुळगुळीत, बारीक नक्षीचे टायर डांबरासाठी. मोठमोठ्या गठ्ठ्यांचे टायर निव्वळ चिखलासाठी, ते डांबरावर घोंघावतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी धरतात. सासूबाईंना घेऊन पहाटे पावसात बेळगाव गाठावयाचे असेल तर दोहोंच्या मधली नक्षी घ्यावी.

दुकानात बगलेवरचे आणखी दोन आकडे वाचून घ्यावेत. मापाच्या पुढे १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०५ असेल तर ९२५. पोती मागच्या धुऱ्यावर बसतात, तेव्हा हिशेब मागच्या दोन टायरांचा करावा. जुन्यापेक्षा कमी आकडा मुळीच पत्करू नये. दुसरा आकडा चार अंकी असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. काळा कुळकुळीत दिसला तरी तो ‘नवा’ नव्हे. हवेसाठी मात्र बगलेवरचा आकडा धरू नये. ती कमाल मर्यादा असते. रिकाम्या व भरल्या गाडीची हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

टायर चढले की तेवढ्यावर गाडी घरी आणू नका. मागे पोती भरा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, एक चाक मातीच्या ढिगावर चढवा आणि यजमानांनी वाकून पाहावे. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटे सहज शिरली पाहिजेत. हे सोपस्कार दुकानदाराला कंटाळवाणे वाटतील, वाटू द्यावेत.

राहता राहिले उतरलेले जुने टायर. ते दुकानदारालाच देऊन टाकावेत. गवताच्या गंजीवर वजन म्हणून ठेवावयाचे असतील तर प्रत्येकाला खालून दोन-तीन भोके पाडून मगच ठेवावेत. नाहीतर पहिल्या पावसाचे पाणी त्यांत साचते आणि डेंग्यूच्या डासांना घर मिळते. आधीच एक आजारी माणूस असलेल्या घराला ते परवडणारे नाही.