आधी पाटी, मग पहारा

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या संगणककक्षात गेलो होतो. सर्व्हरवर लॉगिन करण्याआधीच पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आणि आवृत्ती झळकली. घुसखोराला हवी असते ती माहिती न मागता हजर. यंत्र कोणाचं, ते कोणी वापरायचं, याबद्दल अक्षरही नव्हतं. त्याच कक्षात कोणता संगणक कोणतं संकेतस्थळ उघडतो, याची नोंद मात्र प्रॉक्सी सर्व्हर करत होता. विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

पहारा ठेवायला माझा विरोध नाही. तो ठेवायचा तर इशाऱ्याची पाटी आधी लागली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिनक्सवर अशी पाटी लावणं दोन मिनिटांचं काम आहे. इशाऱ्याचा मजकूर एका फाइलमध्ये लिहायचा आणि दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएच या सेवेच्या मांडणीत ‘बॅनर’ या पर्यायापुढे त्या फाइलचा पत्ता द्यायचा. हा पर्याय मुळात बंद असतो, म्हणून तो राहून जातो. काही जण इशारा ‘एमओटीडी’ या स्वागतसंदेशात लिहितात, पण तो लॉगिन झाल्यावर दिसतो. पाहुणा माजघरात पोचल्यावर पाटी दाखवून काय उपयोग? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा सगळा भर ‘परवानगीविना’ या शब्दावर आहे. त्याला अप्रामाणिक हेतूची जोड मिळाली, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगी कोणाला आहे, हे दारातच लिहिलेलं असलं की ‘मला ठाऊक नव्हतं’ ही पळवाट बुजते.

प्रॉक्सीला याहून जास्त जपावं लागतं. ‘स्क्विड’ हा प्रॉक्सी सर्व्हर आपले नियम वरून खाली वाचतो आणि जो नियम आधी लागू पडेल तोच पाळतो. ‘सर्वांना मज्जाव’ ही ओळ शेवटी हवीच. तिच्या वर कोणी घाईत ‘सर्वांना मुभा’ लिहिली आणि त्याचं ३१२८ हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं राहिलं, तर कुंपणच शेत खातं. परका माणूस तुमच्या पत्त्यावरून उद्योग करतो आणि चौकशी तुमच्या दारी येते.

एचटीटीपीएसने वाहतूक कूटबद्ध असताना प्रॉक्सीला सहसा संकेतस्थळाचं नावच कळतं. पण संस्थेने संगणकांवर आपलं प्रमाणपत्र बसवून ती वाहतूक उघडायला घेतली, की बँकेचा पासवर्डही तिच्या हाती लागतो. बँका आणि रुग्णालयं यातून वगळलीच पाहिजेत, आणि बाकीचं उघडून पाहिलं जातं हे बॅनरवर स्पष्ट लिहिलं पाहिजे.

व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. आज आपल्याच सर्व्हरवर परक्यासारखं लॉगिन करून पाहा. पहिल्या पडद्यावर आवृत्ती दिसत असेल तर ती पुसा. तिथे मालक कोण, परवानगी कोणाला आणि नोंद कशाची होते, एवढं लिहा. प्रॉक्सीचं ‘प्रवेश नाही’ हे पानही मराठीत करा. ज्यांच्यावर नजर ठेवता, त्यांना ते त्यांच्या भाषेत सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे.