अडीच किलो लक्ष्मी

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा, असं मला विद्यापीठाने लेखी दिलेलं आहे. सापाला दोन तोंडं असतात हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. ते मला शिरपुरात, काउंटरच्या खिडकीतून कळलं.

आमचे एक जुने खातेदार आहेत. त्यांना नाना म्हणू. शिरपुरात नाना इतके आहेत की गुप्ततेचा भंग व्हायची भीती नाही. नागपंचमीच्या आधीच्या शुक्रवारी नाना पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली तीन लाखांची ठेव मोडायला आले. "व्याज बुडेल," मी म्हटलं. नाना खिडकीशी वाकले. "मांडूळ भेटी ऱ्हायनं, भाऊ. अडीच किलो!"

"साप घेताय?"

"साप नही, भाऊ. लक्ष्मी शे."

योजना अशी, की मांडूळ तीन लाखांना घ्यायचं आणि मुंबईची पार्टी ते एक कोटीला नेणार. "मग विकणारा स्वतःच का देत नाही त्या पार्टीला?" तर म्हणे, त्याची अडचण आहे! कोटीची वस्तू पोत्यात असताना तीन लाखांवाचून अडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि ती मुंबईची पार्टी तरी कुणी पाहिलीय? जो तो पुढच्याला विकण्यासाठी घेतो. साप पोत्यातून पोत्यात जातो आणि मरतो. ठेव मोडते ती शेवटच्या नानाची.

या लक्ष्मीमुळे म्हणे पैशाचा पाऊस पडतो. अहो, आमच्या तालुक्यात साधं पावसाचं पाणी जिरवायला नाले खोल करावे लागले, बंधारे घालावे लागले, तेव्हा कुठे 'शिरपूर पॅटर्न'चं नाव झालं!

आता त्या दुसऱ्या तोंडाबद्दल. ते शेपूट आहे. आखूड, बोथट, तोंडासारखं दिसणारं. संकट आलं की मांडूळ डोकं अंगाखाली लपवतं आणि शेपूट पुढे करतं. साहेब तपासणीला आले की आमचे काही सहकारी हेच करतात. त्यात काही गारुडी त्या शेपटाला डाग देऊन तोंड 'काढतात'.

"खायला काय घालणार?" मी विचारलं. "दूध," नाना म्हणाले. साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप कशालाही तोंड लावतो, आणि ते दूध त्याला बाधतं. मांडुळाला लागतो उंदीर. तो विळख्यात आवळून गिळला की पुढे कितीतरी दिवस बघायला नको. परदेशात हौशी लोक याच गोतावळ्यातले छोटे बोआ काचेच्या पेटीत पाळतात आणि फ्रीजमधला मेलेला उंदीर कोमट करून चिमट्याने भरवतात. आपल्याकडे असा परदेशी पाहुणा ठेवायचा तर 2024च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. आपलं मांडूळ मात्र 1972च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवताच येत नाही. पकडणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा.

आणि पाळायचं कशाला? ते आपल्याच शेतात कामाला आहे. बिनविषारी, रात्रपाळीचं, भुसभुशीत मातीत राहून उंदीर खाणारं. ना पगार, ना महागाई भत्ता, ना संप. त्याला पोत्यात घालायचं आणि मग उंदरांसाठी दुकानातून औषध आणायचं, हा हिशेब मला बी.कॉम.ला कुणी शिकवला नाही. मांडूळ लक्ष्मी असेलच, तर ती बांधावरच. घरात आणली की तिच्यामागून पोलीस येतात.

हे सगळं मी नानांना सांगितलं. मागे रांग खोकू लागली. नाना शांतपणे म्हणाले, "फॉर्म द्या."

ज्याची ठेव त्याला नाही म्हणता येत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा नोकरीशी खोटं बोललो. म्हटलं, "लिंक नाही. सोमवारी या." खातेदार या वाक्यावर ताबडतोब विश्वास ठेवतात.

सोमवारपर्यंत विकणाऱ्याचा फोन बंद झाला होता. ठेव आहे तिथेच आहे, व्याज लागतंय. नाना मात्र माझ्याशी बोलत नाहीत. बँकेतल्या एका आळशी कारकुनाने आपले एक कोटी बुडवले, असं ते गावभर सांगत असतात.