आवाज कोठून येतो?

ऑक्टोबर २०२३ मध्यें प्रीमियर पद्मिनी टॅक्सीनें मुंबईचा निरोप घेतला. परंतु लालबाग-परळच्या खड्ड्यांतून जातांना पुढच्या चाकांपाशीं होणारी ‘खट् खट्’ नव्या गाड्यांसही चुकलेली नाहीं. ती ऐकतांच अंदाजानें भाग बदलणें हा आमच्या मतें केवळ अविचार होय.

स्टिअरिंगपासून चाकापर्यंत अनेक सांधे असतात. त्यांतील झिजलेला कोणता, हें प्रथम शोधावें. गाडी उभी असतां एकानें स्टिअरिंग किंचित डावें-उजवें हालवावें व दुसऱ्यानें एकेका सांध्यावर हात ठेवून पाहावें. ठोका जेथें जाणवेल तेथें दोष समजावा. मग गाडीस भक्कम आधार देऊन चाक उचलावें. तें डाव्या-उजव्या कडांस धरून हालवितां खेळ दिसला, तर बहुधा टाय-रॉडचा सांधा सैल. वर-खालीं धरून दिसला, तर बॉल-जॉइंट किंवा बेअरिंग.

अंदाज चुकून पैसे गेले, तर तें एक वेळ सोसवेल. परंतु दुरुस्ती झाली या भरंवशावर मनुष्य निर्धास्त व्हावा आणि खरा सैल सांधा भर रस्त्यांत निखळावा, हें सोसवणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, गणिताचें उत्तर खोडण्यापूर्वीं चुकलेली पायरी शोधा, असें आम्ही वर्गांत सांगतों तें याचसाठीं!