मिठीचे आरोग्य कोणत्या मापाने मोजायचे?

दर पावसाळ्यापूर्वी मुंबईच्या मिठी नदीतून किती टन गाळ उपसला, याचे आकडे जाहीर होतात. गाळाचे वजन हेच जणू नदीच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र! 2025 साली याच गाळउपशात सुमारे 65 कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला. हे माप किती पोकळ ठरू शकते, हे तेव्हा उघड झाले.

विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी ही नदी जेमतेम 18 किलोमीटरांची. 26 जुलै 2005 च्या महापुरात, सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा, शहराला आपल्या या ‘नाल्या’चे नदीपण आठवले. ठपका मात्र काठावरच्या झोपड्यांवर आला. विमानतळासाठी प्रवाह वळविला आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खारफुटीची पाणथळ जमीन भरून काढली, ती काही झोपडीतल्या माणसाने नव्हे. ते राज्यकर्त्यांचे ‘नियोजन’ होते. पुढे प्राधिकरण आले, पात्र रुंदावले, संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. परंतु रुंद पात्र म्हणजे निरोगी नदी नव्हे.

नदीची नाडी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत असते. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायू-मागणी 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा शासकीय निकष आहे. ही मागणी 30 च्या वर गेलेल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली पवई ते धारावी हा मिठीचा प्रवाह घातला. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासळी गुदमरते आणि खाडीकाठच्या कोळ्याचे जाळे रिकामे राहते. निसर्गाचा प्रश्न आणि श्रमिकाच्या भाकरीचा प्रश्न येथे एकच होतो.

म्हणूनच दुसरे मापही तितकेच आवश्यक आहे. काठच्या किती घरांना मलवाहिनी मिळाली? किती वस्त्यांत आजही पुराचे पाणी शिरते? हटविलेल्या कुटुंबांना रोजगाराजवळ घर मिळाले काय? शौचालय न देता नदी घाण केल्याचा आरोप करणे, हा दुहेरी अन्याय आहे.

कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून हे दोन्ही हिशेब मागितले पाहिजेत: पाण्यातल्या प्राणवायूचा आणि काठावरच्या माणसाच्या जगण्याचा. गाळाच्या टनांवर समाधान मानणारी लोकशाही फक्त ठेकेदाराच्या सोयीची असते.